छाटणी, गारपीट आणि योहानाचा पंधरावा अध्याय

निफाडची_लेक

जय ख्रिस्त मंडळी.

बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायावरची प्रवचने आपण सगळ्यांनी ऐकली आहेत. येशू द्राक्षवेल, पिता माळी, आपण फाटे. फळ न देणारा फाटा तो काढून टाकतो, फळ देणाऱ्याला अधिक फळ यावे म्हणून साफसूफ करतो. आणि पुढे बहुतेक वेळा एकच वाक्य येते, की दुःख आले तर समजा देव छाटणी करतोय. माझे माहेर निफाड तालुक्यातले, घरची बाग आहे. मला मनापासून वाटते की नाशिक जिल्ह्यात राहणाऱ्यांनी एवढ्यावर थांबू नये. प्रभू ज्या वेलीबद्दल बोलला ती आपल्या दाराशी उभी आहे. ती आधी नीट पाहू, धडा मग शोधू.

शहरात वाढलेल्यांसाठी थोडे सांगते. थंड देशांत द्राक्षवेल हिवाळ्यात पाने टाकून झोपते आणि त्या झोपेतच तिची मुख्य छाटणी होते. येशूचे शिष्य ज्या वेली पाहत मोठे झाले त्या अशाच. आपल्याकडे तेवढी थंडी नाही, वेल झोपत नाही, म्हणून माणसाला तिची वर्षातून दोनदा छाटणी करावी लागते आणि पीक एकदाच मिळते. काढणी आटोपली की एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी. वेलीच्या आडव्या फांदीवर, म्हणजे ओलांड्यावर, एखादा डोळा (कोंब फुटतो ती जागा) ठेवून गेल्या वर्षीच्या सगळ्या काड्या काढून टाकतात. भर उन्हात बाग बोडकी दिसते. दुसरी ऑक्टोबरमध्ये, गोडी छाटणी. तिच्यानंतर घड बाहेर येतात आणि साधारण चार महिन्यांनी द्राक्षे काढणीला येतात.

मला ज्याबद्दल लिहायचे आहे ते या दोन छाटण्यांच्या मधले आहे. ऑक्टोबरनंतर दिसणारा घड ऑक्टोबरमध्ये तयार होत नाही. खरड छाटणीनंतर नवी काडी वाढते आणि मे-जूनच्या उन्हात तिच्या डोळ्याच्या आत घड सूक्ष्म रूपात धरला जातो. बाहेरून काहीच दिसत नाही. रस्त्याने जाणाऱ्याला नुसता पाला दिसतो. पण पुढच्या फेब्रुवारीत क्रेट किती भरतील, यातले बरेचसे त्या दिवसांत ठरलेले असते.

आता उपासनेचे वर्ष शेजारी ठेवा. २०२५ साली ईस्टर २० एप्रिलला होता आणि पेन्टेकॉस्ट ८ जूनला. म्हणजे खरड छाटणीपासून घड धरण्यापर्यंतचा काळ आणि पुनरुत्थानापासून पवित्र आत्मा उतरेपर्यंतचा काळ आपल्याकडे जवळजवळ एकावर एक येतात. त्या पन्नास दिवसांत शिष्यांनी बाहेरच्या जगाला दिसेल असे काय केले? जाळी घेऊन समुद्रावर गेले, माडीवरच्या खोलीत एकत्र राहून प्रार्थना केली, यहूदाच्या जागी एक माणूस निवडला. बस. पण त्या दिवसांत जे धरले गेले तेच पुढे पेत्राच्या भाषणातून बाहेर आले.

आपण ईस्टर झाला की थंडावतो. चाळीस दिवस उपास, झावळ्यांचा रविवार, गुड फ्रायडेचे सात उद्गार, ईस्टरची पहाट, आणि मग सुट्ट्या. नाशिकच्या ख्रिस्ती माणसाला मे महिना सर्वांत महत्त्वाचा वाटायला हवा, असे माझे मत बनले आहे. बागेत त्याच दिवसांत पाणी आणि खत सर्वांत जपून देतात.

तुमच्या घरचे, कामाचे, सणावारांचे असे काही असेल तर लिहा. पण एक विनंती आहे. आधी ती गोष्ट जशी आहे तशी सांगा. धडा आपोआप येईल, नाही आला तरी चालेल.

पिंपळगावचा_बागायतदार

ताई, मी ख्रिस्ती नाही, पण छाटणीचे तुम्ही बरोबर लिहिले आहे म्हणून भर घालतो.

गोडी छाटणीच्या आधी आम्ही काड्या कापून प्रयोगशाळेत नेतो. तिथे डोळा उभा चिरून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. कितव्या डोळ्यात घड आहे हे कळले की त्यावर काडी किती डोळ्यांवर कापायची ते ठरते. सगळ्या बागेला एकच माप लावत नाही. एका प्लॉटला सहा डोळे, शेजारच्या प्लॉटला नऊ, असेही होते. आत काय आहे हे बघितल्याशिवाय जाणता माणूस कात्री चालवत नाही.

दुसरे, मे-जूनमध्ये पाणी आणि नत्र जास्त झाले तर वेल मस्त वाढते. पाला हिरवागार, काडी जाडजूड, बघणारा म्हणतो काय बाग आहे! आणि छाटणीनंतर घडाऐवजी नुसती बाळी, म्हणजे वेलीचा आधार धरणारा तंतू, निघते. ढगाळ हवा राहिली, पाल्याची गर्दी होऊन डोळ्यावर ऊन पडले नाही, तरी तेच. म्हणून शेंडा खुडावा लागतो, वाढ थांबवावी लागते.

निफाडची_लेक

दादा, खूप आभार. "आत काय आहे हे बघितल्याशिवाय जाणता माणूस कात्री चालवत नाही" हे मी वहीत लिहून घेतले. मार्काच्या अकराव्या अध्यायात पाल्याने भरलेले आणि फळ नसलेले अंजिराचे झाड आहे. तुमचा दुसरा परिच्छेद वाचताना तेच डोळ्यासमोर आले.

शरणपूरकर

वाचतोय. छान धागा. सवडीने लिहितो.

ओझरकर_७२

ताई, धागा चांगल्या मनाने काढला आहे हे कळते. तरी मला जे लिहायचे आहे ते कडू आहे.

२६ नोव्हेंबर २०२३ हा रविवार होता. आगमन काळ सुरू होण्याआधीचा शेवटचा रविवार, ख्रिस्तराजाचा. त्या दिवशी गारा पडल्या. आमच्या भागात काही बागा फुलोऱ्यात होत्या, काही ठिकाणी मणी ज्वारीएवढे झाले होते. रात्री बॅटरी घेऊन गेलो तेव्हा वेलींखाली गारांचा, पानांचा आणि घडांचा एकच चिखल झाला होता. कर्ज डोक्यावर होते, अजून आहे. त्या आठवड्यात भेटायला आलेल्या एका वडीलधाऱ्या माणसाने खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, भाऊ, ही देवाची छाटणी समजा.

तेव्हापासून योहानाचा पंधरावा अध्याय वाचायला घेतला की मी पान उलटतो. माझ्या मुलाने विचारले होते, पप्पा, आपण काय वाईट केले होते? मला उत्तर देता आले नाही.

रोजच्या जगण्यात धडे शोधा, जरूर शोधा. पण दुसऱ्याच्या नुकसानीत शोधू नका.

नाशिकरोडची_मावशी

भाऊ, तुमचा निरोप वाचून पुढे काही लिहावेसे वाटेना. प्रार्थनेत नाव घेते.

निफाडची_लेक

दादा, तुम्ही लिहिलेत हे फार बरे केलेत. मला उत्तर द्यायचे आहे, कारण ते वडीलधारे जे बोलले ते शास्त्राला धरून नाही असे मला ठामपणे वाटते.

गारपीट म्हणजे छाटणी नव्हे. बागेत काम केलेल्या कोणालाही हे सांगावे लागत नाही. छाटणारा वेलीजवळ उभा असतो, काडी हातात धरतो, डोळे मोजतो, आत काय आहे ते त्याने आधी पाहिलेले असते. गार डोळे मोजत नाही. ती ओलांडाही फोडते, घडही पाडते, चांगल्या काडीला जखम करते. पिंपळगावच्या दादांनी वर लिहिले ते पुन्हा वाचा. आपल्या माळ्याबद्दल आपण एवढे तरी मानायला हवे की त्याला या दोन्हींतला फरक कळतो.

योहानाच्या त्याच अध्यायात तिसरे वचन आहे. आपण ते घाईने ओलांडतो. प्रभू शिष्यांना म्हणतो की मी तुम्हाला जे वचन सांगितले त्यामुळे तुम्ही आधीच शुद्ध झाला आहात. साफसफाई झाली ती वचनाने. आजार, कर्ज, मृत्यू यांपैकी कशाचेच नाव तिथे नाही. तीन वर्षे तो त्यांच्याबरोबर चालला, त्यांच्या तोंडावर बोलला, मोठे कोण यावरून भांडले तेव्हा मध्ये बालक उभे केले, पेत्राला खडसावले. ती छाटणी. ती जवळून होते आणि करणाऱ्याचा आवाज ओळखीचा असतो.

आणि अपघाताबद्दल प्रभू स्वतः वेगळे बोलला आहे. लूक १३ उघडा. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसे मेली. तो विचारतो, ती यरुशलेमेतल्या बाकीच्यांपेक्षा जास्त अपराधी होती असे तुम्हाला वाटते का? आणि स्वतःच म्हणतो, नाही. तुमच्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर त्या "नाही"मध्ये आहे. त्याला ते वाचून दाखवा. वाचताना त्याला जवळ बसवून घ्या.

त्याच्या लगेच पुढे अंजिराच्या झाडाची गोष्ट येते. मालक म्हणतो, तीन वर्षे फळ नाही, तोडून टाक. माळी म्हणतो, धनी, यंदा राहू द्या, मी भोवती खणतो, खत घालतो. म्हणजे तुटलेल्याकडे पाहून अर्थ सांगत बसायचे नाही, खणायचे. गारपिटीनंतर दुसऱ्या दिवशी बागेत काय लागते ते तुम्ही जाणता. फुटलेले घड काढणे, जखमांवर बुरशीनाशकाची फवारणी, आणि तेही लगेच. त्या सोमवारी मंडळीतली दहा माणसे कात्र्या घेऊन तुमच्या बागेत यायला हवी होती. शब्द त्यांच्यामागून आले असते तरी चालले असते.

ओझरकर_७२

लूक १३ वाचले. मुलालाही दाखवले. अजून काही लिहिता येत नाही. वाचतो आहे.

माउलीचा_माळी

मी वारकरी घरातला, नाशिकचाच. तुमच्या चर्चेत बसू का? आमच्या सावता महाराजांनी अरणच्या मळ्यातच विठ्ठल पाहिला, पंढरीला जायला मळा सोडला नाही, म्हणून हा धागा मला घरचा वाटतो आहे. तुमचे ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळक तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापर्यंत आलो असे म्हणत, हे वाचून आहे. आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळकांचे माहेर आपल्या जलालपूरचे, हेही किती जणांना ठाऊक असेल!

एक प्रश्न आहे. आमच्याकडे काम हीच भक्ती असे धरतात. तुमच्याकडे कामात धडा शोधतात की कामच पूजा मानतात?

निफाडची_लेक

बसा हो, घर तुमचेच आहे. माझ्यापुरते उत्तर देते. पौल कलस्सैकरांना लिहितो की जे काही कराल ते माणसांसाठी नव्हे, प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा. तो हे दासांना लिहितो आहे, ज्यांचे काम कोणी मोजतही नव्हते. म्हणून शिकवण शोधण्याआधी काम नीट करणे येते, असे मी मानते. खाली कोणी याहून चांगले सांगेल.

पेठचा_पोऱ्या

मी सांगतो.

मी पाड्यावरचा. आई-वडील छाटणीला, विरळणीला (घडातले जादा मणी काढायला) दिंडोरी, पिंपळगावकडे टोळीत यायचे, मीही आलो. आता शिकून शहरात नोकरी करतो. धागा पहिल्यापासून वाचला. वेल आहे, माळी आहे, मालक आहे, बागायतदार दादा आहेत. कात्री ज्याच्या हातात असते तो कुठे आहे?

खरड छाटणीला पहाटे पिकअपमध्ये उभे राहून जायचे. एकरी उक्ते ठरलेले, म्हणजे जेवढे लवकर उरकेल तेवढे बरे. दुपारपर्यंत अंगठ्याच्या मुळाशी फोड येतो. विरळणीच्या वेळी हात वर करून दिवसभर मणी काढायचे, मान आणि खांदे भरून येतात. आई संध्याकाळी भाकरी थापायला बसली की हात थरथरायचा.

मत्तय २० मधला दाखला आमच्या पाड्यावरच्या प्रार्थनाघरात ऐकला तेव्हा समजावून सांगावा लागला नाही. पहाटे काही लावले, मग तिसऱ्या तासाला, सहाव्या, नवव्या, आणि अकराव्या तासाला म्हणजे संध्याकाळी पाचच्या सुमारास काही उभेच होते. मालक विचारतो, दिवसभर रिकामे का उभे राहिलात? ते म्हणतात, आम्हाला कोणी कामाला लावले नाही. शहरातल्या प्रवचनात सांगतात की हे उशिरा विश्वास ठेवणाऱ्यांबद्दल आहे. असेल. पण अड्ड्यावर उभे राहिलेल्याला ते उत्तर पहिल्यांदा जसे ऐकू येते तसे दुसऱ्या कोणाला येत नाही. सगळ्या टोळ्या गेल्या, ऊन चढले, घरी काय सांगायचे या विचारात माणूस तिथेच उभा राहतो. आणि तो मालक स्वतः पाच वेळा बाहेर आला. मुकादम पाठवला नाही. शेवटच्यालाही पूर्ण दिवसाचा दिनार दिला, कारण तासाभराच्या मजुरीत घर चालत नाही हे त्याला ठाऊक होते. माझ्यासाठी देव म्हणजे तो पाचव्यांदा बाहेर येणारा मालक.

बायबलमधल्या अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या २४ व्या अध्यायात सरळ आज्ञा आहे. गरीब मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत द्या, तो आपला असो की परका. आणि त्याच अध्यायात पुढे, द्राक्षे काढून झाल्यावर उरलेल्यांना पुन्हा हात लावू नका, ती उपरी, अनाथ आणि विधवा यांच्यासाठी सोडा. ज्यांच्या बागा आहेत आणि जे रविवारी पुढच्या बाकावर बसतात त्यांनी या ओळी एकदा वाचाव्यात.

पिंपळगावचा_बागायतदार

भाऊ, तुमचे शब्द लागले, आणि बरोबर लागले. आमच्याकडे हिशेब आठवड्याने होतो, काही ठिकाणी काम संपल्यावर. रोजच्या रोज देणे अशक्य नाही, सवय नाही एवढेच. या हंगामात करून बघतो.

नाशिकरोडची_मावशी

पोऱ्या, तुझ्या आईला माझा नमस्कार सांग.

आम्ही कॅथलिक. फेब्रुवारीत बाळ येशूची यात्रा असते तेव्हा नाशिकरोडला मुंबई-वसईपासून माणसे येतात. नेमकी द्राक्षे बाजारात आलेली असतात. आणि थोड्याच दिवसांत राखेचा बुधवार, ईस्टरआधीच्या प्रायश्चित्त काळाची सुरुवात. गोड फळ दारात आणि उपास पानात, असे आपल्याकडे दरवर्षी होते. आमच्या सासूबाईंची रीत होती की प्रायश्चित्त काळात हंगामाची पहिली पेटी घरात फोडायची नाही. ती उचलून कोणाकडे तरी जायची, आजाऱ्याकडे, नाहीतर ज्या घरात त्या वर्षी कोणी गेले असेल तिथे. लहानपणी माझ्या मुलांना राग यायचा. आता तीच मुले पेटी घेऊन जातात. नियमशास्त्रात पहिले पीक देवापुढे ठेवायला सांगितले आहे ना, ते आमच्या घरात असे आले. यावर मी प्रवचन देऊ शकणार नाही, रीत तेवढी सांगितली.

शरणपूरकर

सवडीने लिहितो म्हटले होते. आमच्याकडे ईस्टरच्या पहाटे कबरस्तानात जायची रीत आहे. आदल्या दिवशी गवत काढायचे, कबरी धुवायच्या, चुना लावायचा. पहाटे मेणबत्त्या, गीते आणि मग चहा. लहान मुलांना आम्ही तिथे घरच्या पूर्वजांबरोबर आणखी एकाची गोष्ट सांगतो.

शरणपूरची ख्रिस्ती वसाहत १८५४ मध्ये चर्च मिशनरी सोसायटीने वसवली. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुले तिथे आणून त्यांना शिक्षण आणि हातचे कसब दिले जाई. त्यांतला एक जेकब वेनराइट. तो पुढे आफ्रिकेत मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टनच्या मदतीला गेलेल्या तुकडीत होता. १८७३ मध्ये लिव्हिंगस्टन मध्य आफ्रिकेत वारले. सोबत्यांनी त्यांचे हृदय तिथेच झाडाखाली पुरले आणि जेकबने अंत्यविधीची प्रार्थना वाचली. मग देह वाळवून, गुंडाळून त्या माणसांनी तो महिनोन्महिने खांद्यावरून समुद्रापर्यंत नेला. वाटेत आजार होते, मृत्यू होते, देह इथेच पुरा असा सल्लाही मिळाला. त्यांनी ऐकले नाही. १८ एप्रिल १८७४ ला वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झाले तेव्हा शवपेटीला खांदा देणाऱ्या मानकऱ्यांत नाशकात शिकलेला जेकब होता.

पेठच्या भावाने विचारले, कात्री धरणारा कुठे आहे. मला हेच आठवले. नाव लिव्हिंगस्टन यांचे राहिले, ओझे यांनी वाहिले. शरणपूर रोडवरून रोज हजारो गाड्या जातात. त्यांतल्या किती जणांना हा मुलगा माहीत आहे? म्हणून मुलांना सांगायचे, आणि ईस्टरलाच सांगायचे. अरिमथाईच्या योसेफाने आणि निकदेमाने प्रभूचा देह उतरवला, सुगंधी द्रव्ये लावून गुंडाळला, तेव्हा रविवारी काय होणार हे त्यांना माहीत नव्हते. तरी त्यांनी ते प्रेमाने केले.

ओझरकर_७२

शरणपूरकर काका, ही गोष्ट मला माहीत नव्हती. मुलाला सांगितली. त्याने नकाशावर ती वाट शोधली.

ताई, एक विचारू का? रोमकरांस ११ मध्ये पौल म्हणतो की रानटी जैतुनाची फांदी मूळ झाडावर कलम केली. आमच्या बागेत उलटे आहे. खालचा मुळांचा भाग, म्हणजे खुंट, डॉगरिज या रानटी जातीचा, आणि वर कलम चांगल्या जातीचे. गारपिटीनंतर वरचे बरेच गेले, पण खुंट शाबूत राहिला म्हणून बाग पुन्हा उभी करता आली. पौलाला कलम करणे ठाऊक नव्हते का?

निफाडची_लेक

ठाऊक होते, दादा. तो स्वतःच म्हणतो की हे निसर्गाच्या उलट आहे. शेतकरी कधीही रानटी डोळा चांगल्या झाडावर बांधणार नाही, आणि देवाने नेमके तेच केले, हा त्याचा मुद्दा आहे. म्हणून पुढे तो बजावतो की फुशारकी मारू नकोस, तू मुळाला उचलून धरलेले नाहीस, मुळाने तुला उचलून धरले आहे. तुमचा डॉगरिज पाहिला की ही शेवटची ओळ तर अक्षरशः कळते. बाग पुन्हा उभी राहिली हे वाचून किती बरे वाटले ते लिहून सांगता येत नाही.

आता एक कामाचे. या ऑक्टोबरमध्ये आमच्या माहेरच्या बागेत गोडी छाटणीच्या दिवशी छोटी प्रार्थना ठेवायची आहे. योहान १५ ची पहिली अकरा वचने, एक गीत, बस. ज्यांना जमेल त्यांनी या. पाळकांना विचारले आहे, ते येतील. वेळ सकाळी नऊची ठरवतोय.

पेठचा_पोऱ्या

ताई, नऊ वाजता टोळी निम्म्या ओळी कापून मोकळी होते. उक्ते असेल तर मध्ये थांबवले की त्यांचे नुकसान. साडेसहाला ठेवा, पिकअप येते तेव्हा. आणि तो वेळ मजुरीत धरा.

निफाडची_लेक

साडेसहा. मजुरीत धरला. योहानाच्या आधी अनुवाद २४ वाचू, ते वाचन तू कर. भावाशी बोलले आहे, त्या दिवसाचे पैसे संध्याकाळी हातात मिळतील. नाशिकरोडच्या मावशी, चहाचे पातेले तुमच्याकडून. ओझरकर दादा, मुलाला घेऊन या, त्याला काडीचा डोळा चिरून घड दाखवते.